जिफ मुके का राहिले?

व्हॉट्सअ‍ॅपवर 'जिफ' म्हणून येणारी हलती चित्रे प्रत्यक्षात जिफ नसतात. फोनच्या साठवणीत ती फाइल शोधून काढली, तर तिच्या नावाच्या शेवटी 'एमपी४' असे लिहिलेले आढळते. म्हणजे तो एक छोटा व्हिडिओ असतो. तो आवाजाविना, पुन्हापुन्हा, आपोआप फिरत राहतो, म्हणून जिफसारखा भासतो. आवाज वाहून नेण्याची पूर्ण क्षमता असलेले फाइल-स्वरूप, ज्याला कधीच आवाज नव्हता अशा जुन्या स्वरूपाचे सोंग घेते, हा संगणकाच्या इतिहासातील एक मजेशीर पेच आहे.

या पेचामागे एक साधा प्रश्न दडलेला आहे. हलत्या चित्राच्या फाइलमध्ये आवाज घालणे एवढे अवघड का ठरले? जिफ हे स्वरूप १९८७ साली जन्मले. त्यानंतर संगणकाचा वेग, स्मृती आणि जाळ्याची क्षमता प्रचंड वाढली, तरीही जिफ मुकेच राहिले. याचे उत्तर काही अंशी तंत्रात, काही अंशी अर्थकारणात आणि उरलेले माणसांच्या आपसांतील करारात सापडते.

टेलिफोनच्या तारेतून चित्र

१५ जून १९८७ रोजी अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने 'ग्राफिक्स इंटरचेंज फॉरमॅट' जाहीर केले. ते तयार करणाऱ्या चमूचे नेतृत्व स्टीव्ह विल्हाइट यांनी केले होते. नावातील 'इंटरचेंज', म्हणजे देवाणघेवाण, हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या काळी प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळ्या पद्धतीने चित्र साठवत असे. एका यंत्रावरचे चित्र दुसऱ्यावर उघडेलच याची खात्री नसे. कोणत्याही यंत्राला वाचता येईल असे एक सामाईक स्वरूप देणे, एवढेच या योजनेचे उद्दिष्ट होते.

अडचण होती ती वाटेची. घरगुती ग्राहक टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या साह्याने, सेकंदाला १२०० किंवा २४०० बिट इतक्या गतीने जोडले जात आणि जोडणीचे पैसे तासावर मोजले जात. ३२० गुणिले २०० बिंदूंचे, २५६ रंगांचे एक चित्र न दाबता पाठवायचे म्हटले, तर त्याचा आकार ६४,००० बाइट होतो. २४०० बिटांच्या मोडेमवर एका बाइटमागे सुमारे १० बिट खर्च होत. म्हणजे एका चित्राला जवळपास साडेचार मिनिटे लागत. म्हणून जिफमध्ये माहिती दाबून बसवण्याची 'एलझेडडब्ल्यू' ही पद्धत वापरली गेली. शिवाय चित्राच्या ओळी आलटून-पालटून पाठवण्याची सोय ठेवली गेली, जेणेकरून पूर्ण चित्र येण्याआधी त्याचा अंधुक आराखडा पडद्यावर दिसावा.

याच मोजपट्टीवर आवाज ठेवून पाहिला, तर तो का वगळला गेला हे लगेच कळते. टेलिफोनवर ऐकू येतो तेवढ्याच प्रतीचा एक सेकंदाचा आवाज साठवायला सुमारे ८००० बाइट लागतात. २४०० बिटांच्या मोडेमवर तो एक सेकंद पोहोचायला ३३ सेकंद लागले असते. त्यात एलझेडडब्ल्यूचाही फारसा उपयोग नव्हता. ही पद्धत जशाच्या तशा पुन्हा येणाऱ्या आकड्यांच्या मालिका शोधते आणि त्यांच्या जागी छोटे संकेत ठेवते. सपाट रंगांच्या चित्रात अशी पुनरावृत्ती भरपूर असते. ध्वनिमुद्रित आवाजाच्या लहरी मात्र तंतोतंत पुन्हा येत नाहीत. चित्रासाठी निवडलेले हत्यार आवाजाच्या कामाचे नव्हते.

चित्रांची चळत आणि शेकड्याचे घड्याळ

जिफची अंतर्गत रचना अतिशय साधी आहे. सुरुवातीला ओळख पटवणारी सहा अक्षरे, मग पडद्याचे माप, मग रंगांची यादी आणि त्यापुढे एकामागोमाग एक तुकडे. चित्राचा तुकडा ज्या संकेताने सुरू होतो, तो अक्षर म्हणून वाचला तर स्वल्पविराम असतो. जादा माहितीचा तुकडा उद्गारचिन्हाने सुरू होतो आणि संपूर्ण फाइल अर्धविरामाने संपते. या चिन्हांच्या मदतीने वाचणारी आज्ञावली पुढे काय येत आहे ते ओळखते.

एका फाइलमध्ये अनेक चित्रे ठेवण्याची मुभा पहिल्या आवृत्तीतच होती. १९८९च्या सुधारित आवृत्तीत, म्हणजे 'जिफ८९ए'मध्ये, प्रत्येक चित्रानंतर किती वेळ थांबायचे हे सांगण्याची सोय आली आणि पारदर्शक रंगही आला. चित्रे हलू लागली ती या सोयीमुळे. मात्र हे स्वरूप अ‍ॅनिमेशनचे व्यासपीठ म्हणून अभिप्रेत नाही, मर्यादित प्रमाणात ते शक्य आहे इतकेच, असा स्पष्ट इशारा त्या आवृत्तीच्या अधिकृत दस्तऐवजातच दिलेला होता. जिफचा जगभर जो वापर झाला, तो त्याच्या निर्मात्यांनी गौण मानलेला वापर होता.

थांबण्याचा हा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि तो पूर्णांकातच लिहावा लागतो. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या नियमात आवाजाच्या दृष्टीने मोठी मेख आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी दाखवतो. प्रत्येक चौकटीला ४.१६ शतांश सेकंद हवेत. जिफमध्ये मात्र ४ किंवा ५ एवढाच पर्याय आहे. ४ निवडले, तर एका मिनिटाच्या १४४० चौकटी ५७.६ सेकंदांत संपतात. मिनिटभरात चित्र आवाजाच्या २.४ सेकंद पुढे निघून जाते. बोलणाऱ्याचे ओठ मिटतात आणि शब्द मागून ऐकू येतो.

त्याहून मोठी त्रुटी म्हणजे जिफला समाईक घड्याळच नाही. 'हे चित्र दाखव, इतका वेळ थांब, पुढचे दाखव' एवढीच सूचना त्यात असते. संगणक कामात गुंतलेला असेल, तर थांबा लांबतो आणि झालेला उशीर भरून काढण्याची कोणतीही तरतूद नाही. ब्राउझरही यात आपली भर घालतात: अतिशय कमी थांबा मागितला, तर बहुतेक ब्राउझर तो परस्पर दहा शतांश सेकंद करून टाकतात. नुसत्या चित्रात हा फरक डोळ्यांना खटकत नाही. आवाज जोडला की तोच फरक असह्य होतो.

डोळा सोसतो, कान सोसत नाही

ही अडचण संगणकाने शोधून काढलेली नाही. चित्रपटसृष्टीने ती साठ वर्षे आधी अनुभवली होती. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला, तेव्हा कॅमेरा हाताने फिरवला जात असे. चौकटींची गती कमी-जास्त झाली, तरी प्रेक्षक ते चालवून घेत. डोळा गतीतील चढउतार सांभाळून घेतो. कान तसे करत नाही. ध्वनिमुद्रणाची गती थोडी जरी बदलली, तरी स्वर चढतो किंवा उतरतो आणि तो दोष कोणालाही जाणवतो. त्यामुळे बोलपट आले तेव्हा गती पक्की करावी लागली आणि सेकंदाला २४ चौकटी हे प्रमाण रूढ झाले. चित्राला काटेकोर घड्याळ मिळाले ते आवाजामुळे.

हॉलिवूडच्या 'द जाझ सिंगर' या १९२७च्या चित्रपटात आवाज वेगळ्या तबकडीवर होता. तबकडी आणि चित्रफीत एकाच यंत्राला जोडून एकत्र चालवली जात. फीत तुटली आणि जोडताना चार चौकटी गळाल्या, की पुढचा सारा आवाज चित्राशी फटकून चालू लागे. यावर उपाय निघाला तो आवाज फितीवरच, चित्राच्या शेजारी, उमटवण्याचा. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट असाच घडला. त्यासाठी वापरलेल्या टॅनार यंत्रणेत चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फितीवर नोंदवले जात. स्टुडिओशेजारून आगगाड्या जात असल्याने त्याचे बरेचसे चित्रीकरण रात्री करावे लागले.

वेबवरही हाच क्रम पुन्हा घडला. नव्वदच्या दशकात पानावर जिफ आणि पार्श्वभूमीला वेगळी ध्वनिफाइल, अशी जोडणी सर्रास दिसे. २०००नंतरच्या काळात वायटीएमएनडीसारख्या संकेतस्थळांनी फिरते जिफ आणि फिरता आवाज यांची जोडी लोकप्रिय केली. मात्र ही तबकडीचीच पद्धत होती: दोन फाइली, दोन घड्याळे आणि जुळले तर जुळले अशी अवस्था.

अकरा अक्षरांचा करार

आता एक आक्षेप उरतो. जिफ८९एमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन एक्स्टेन्शन' नावाचा तुकडा आहे. कोणत्याही आज्ञावलीला स्वतःची खास माहिती फाइलमध्ये ठेवता यावी, यासाठी तो राखलेला आहे. त्याच्या आरंभी ओळखीची अकरा अक्षरे येतात आणि पुढे २५५ बाइटांपर्यंतचे कितीही उपतुकडे ठेवता येतात. त्यात आवाज भरला तर? तांत्रिकदृष्ट्या ते अगदी शक्य आहे. चित्रांच्या तुकड्यांमध्ये आवाजाचे तुकडे पेरता येतील आणि ती फाइल नियमानुसार वैधच राहील.

परंतु ती वाजणार नाही. अनोळखी तुकडा दिसला की तो ओलांडून पुढे जावे, असाच नियम आहे. जगातील प्रत्येक ब्राउझर आणि प्रत्येक फोन तो आवाज पाहील, त्याचा अर्थ न कळल्याने तो सोडून देईल आणि चित्र मुकाट्याने दाखवत राहील. फाइलमध्ये आवाज असणे आणि तो ऐकू येणे यांत जगभरच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांची संमती उभी असते.

अशी संमती एकदा मिळाली होती. मूळ नियमांत चित्रे पुन्हापुन्हा फिरवण्याची सोय नव्हती; अखेरचे चित्र आले की खेळ संपे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत याच राखीव तुकड्याचा वापर करून आवर्तनांची संख्या लिहायला सुरुवात केली. 'नेटस्केप२.०' हे नाव रोमन लिपीत बरोबर अकरा अक्षरांचे होते. तेव्हा नेटस्केपचे प्राबल्य एवढे होते, की इतरांनीही ती खूण ओळखणे पत्करले. कंपनी केव्हाच लयाला गेली, परंतु अखंड फिरणाऱ्या जिफ फाइलींत तिचे नाव आजही आढळते. आवाजासाठी असा कोणी धनी उभा राहिला नाही.

पेटंटचा फटका

धनी उभा न राहण्यामागे एक आर्थिक कारणही होते. एलझेडडब्ल्यू पद्धतीवर अमेरिकेत १९८५ साली पेटंट मंजूर झाले होते आणि ते पुढे युनिसिस कंपनीकडे गेले. डिसेंबर १९९४च्या अखेरीस जिफ वापरणाऱ्या आज्ञावलींकडून परवाना-शुल्क मागण्यात येणार असल्याचे जाहीर झाले आणि विकसकांमध्ये संताप उसळला. त्यातून काही महिन्यांतच पेटंटमुक्त 'पीएनजी' स्वरूप आकाराला आले. ऑक्टोबर १९९६मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याला मान्यता दिली.

म्हणजे ज्या वर्षांत जिफचा विस्तार करण्याची खरी संधी होती, त्याच वर्षांत जाणकारांची बुद्धी जिफपासून सुटका करून घेण्यात गुंतलेली होती. अमेरिकेतील पेटंटची मुदत जून २००३मध्ये संपली, तोवर तो काळ निघून गेला होता. पीएनजीचे हलते भावंड 'एमएनजी' २००१मध्ये आले आणि किचकटपणामुळे मागे पडले. २००४मध्ये मोझिलाच्या दोन विकसकांनी मांडलेले 'एपीएनजी' पीएनजी गटाने २००७मध्ये नाकारले. पुढे ब्राउझरांनी ते हळूहळू स्वीकारले आणि जून २०२५मध्ये ते पीएनजीच्या अधिकृत मानकात दाखल झाले. गूगलच्या 'वेबपी'लाही हालचाल आली. यांपैकी एकातही आवाज नाही. चित्राचे स्वरूप चित्रापुरतेच राहावे आणि आवाजाची गरज पडली की व्हिडिओकडे वळावे, ही विभागणी तोवर पक्की झाली होती.

आवाज आणि चित्र यांना जोडणारे भारतीय सूत्र

व्हिडिओने ही जबाबदारी कशी पेलली? पहिले कारण म्हणजे घड्याळ. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या एमपेग मानकात सेकंदाला ९०,००० ठोके देणारे समाईक घड्याळ कल्पिलेले आहे. २४ चौकटींच्या चित्रपटात प्रत्येक चौकटीला बरोबर ३७५० ठोके मिळतात, २५ चौकटींच्या दूरचित्रवाणीला ३६०० आणि ३० चौकटींना ३०००. कुठेही अपूर्णांक उरत नाही. चित्र आणि आवाज या दोहोंच्या तुकड्यांवर याच घड्याळाची वेळ नोंदलेली असते. चित्र मागे पडले, तर दोन चौकटी गाळून ते आवाजाला गाठू शकते.

दुसरे कारण म्हणजे गणित, आणि येथे भारतीय नावे येतात. बंगळुरूत जन्मलेले आणि तेथील विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले नासिर अहमद अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करत होते. माहिती दाबण्यासाठी कोज्या फलनांचा वापर करण्याची कल्पना त्यांनी १९७२मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनपुढे ठेवली. प्रस्तावाला अनुदान मिळाले नाही. अहमद यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४मध्ये 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' हा छोटेखानी शोधनिबंध प्रसिद्ध केला.

या रूपांतराची खुबी अशी, की ते चित्राच्या लहान चौकोनाला संथ आणि जलद चढउतारांच्या बेरजेत मांडते. बहुतेक माहिती संथ चढउतारांत एकवटते. डोळ्याला न जाणवणारे जलद चढउतार ढोबळ करून टाकता येतात. जेपेग आणि एमपेग या दोन्हींचा पाया हाच आहे. १९८७मध्ये, म्हणजे जिफच्या जन्मवर्षीच, प्रिन्सन, जॉन्सन आणि ब्रॅडली यांनी याच रूपांतराचा एक सुधारित प्रकार मांडला आणि तो पुढे एमपी३ व एएसी या ध्वनिस्वरूपांत वापरला गेला. एलझेडडब्ल्यूला जे साधले नव्हते, ते येथे साधले: एकाच कुळातील गणित चित्रालाही उपयोगी पडले आणि आवाजालाही. व्हॉट्सअ‍ॅपवरील 'जिफ' जेव्हा एमपी४ म्हणून येते, तेव्हा त्यामागे या तिघांच्या शोधनिबंधाची परंपरा उभी असते.

मौन हवेसे झाले

२०१४च्या सुमारास ट्विटर आणि इमगुर यांनी लोकांनी चढवलेली जिफ चित्रे गुपचूप एमपी४मध्ये बदलायला सुरुवात केली. त्यामुळे फाइली कित्येक पटींनी लहान झाल्या. आता आवाज जोडण्यात कोणताही तांत्रिक अडसर नव्हता. तरीही तो जोडला गेला नाही.

कारण एव्हाना मौन हा जिफचा गुण बनला होता. आगगाडीत, वर्गात, कार्यालयात ते निःशंकपणे उघडता येते. ब्राउझरांनीही या शिष्टाचाराला नियमाचे रूप दिले. २०१६मध्ये आयफोनच्या सफारीने आवाज बंद असलेल्या व्हिडिओंना आपोआप चालण्याची परवानगी दिली. २०१८मध्ये क्रोमने आवाजासह आपोआप चालणाऱ्या व्हिडिओंवर निर्बंध आणले आणि मूक व्हिडिओंना मोकळीक ठेवली. १९८७मध्ये जी मर्यादा होती, तिला तीस वर्षांनी प्रवेशपत्राचे मोल आले.

काय टिकते?

या इतिहासाचा हिशेब मांडताना फ्लॅशची आठवण टाळता येत नाही. जिफला जे जमले नाही ते सारे फ्लॅशला जमत होते: हालचाल, आवाज, दोहोंचा मेळ, शिवाय वापरणाऱ्याच्या कृतीला प्रतिसाद. मात्र ते एका कंपनीच्या खास आज्ञावलीवर अवलंबून होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने तिला दिलेला आधार थांबवला आणि दोन दशकांची बोलकी अ‍ॅनिमेशने एका रात्रीत न उघडणाऱ्या फाइली झाली. आता स्वयंसेवक आणि अभिलेखागारे अनुकरण करणाऱ्या आज्ञावली लिहून त्यांतील काही वाचवत आहेत. १९८७ची जिफ फाइल मात्र आजच्या कोणत्याही फोनवर काहीही न करता उघडते.

साधेपणा टिकतो, एवढाच निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. दोहोंतील फरक मूकपट आणि बोलपट असण्याचा नाही. कोणती प्रत कोणी सांभाळली, याचा तो फरक आहे. फाइल-स्वरूपांनाही तेच लागू पडते. जिफ टिकले, कारण त्याचे नियम छापील आणि खुले होते, कोणालाही ते वाचून स्वतःची आज्ञावली लिहिता येत होती आणि हजारोंनी ती लिहिली. मराठी, तमिळ किंवा संताळीतील ध्वनिचित्रफिती आज लाखोंनी तयार होत आहेत. त्या पन्नास वर्षांनी ऐकू येतील की नाही, हे त्या कोणत्या स्वरूपात साठवल्या जातात आणि त्या स्वरूपाचे नियम कोणाच्या हाती आहेत यावर अवलंबून राहील.

स्टीव्ह विल्हाइट यांचे मार्च २०२२मध्ये निधन झाले. या शब्दाचा उच्चार 'जिफ' असाच आहे, 'गिफ' नव्हे, असा त्यांचा अखेरपर्यंत आग्रह होता. रोमन लिपी हा वाद झाकून ठेवते. देवनागरीत लिहिणाऱ्याला पहिल्याच अक्षरात बाजू घ्यावी लागते. जिज्ञासू विद्यार्थ्याने एखादी खरी जिफ फाइल साध्या हेक्स-दर्शकात उघडून पाहावी. सुरुवातीची ओळखीची सहा अक्षरे, थोड्या अंतरावर नेटस्केपचे नाव आणि शेवटचा अर्धविराम स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील. आवाजासाठी राखता आली असती ती जागाही तेथेच दिसेल.